रेकॉर्डिंग चालू दिसतं, पण फाइल मुकी: लिनक्सवर आवाज कुठे अडकतो ते शोधताना

हा बिघाड मी इतक्या लॅपटॉपांवर दुरुस्त केला आहे की फोनवरचं पहिलं वाक्य ऐकूनच पुढचं ओळखता येतं. कुणी कीर्तन रेकॉर्ड करत असतं, कुणी शाळेचे धडे, कुणी रोजचा रियाज. मिंट, उबंटू, फेडोरा, डेबियन, लिनक्सच्या या सगळ्या प्रकारांत तक्रार निराळी वाटते. मूळ मात्र बहुतेक वेळा एकच निघतं: आवाज एका वाटेने येत असतो आणि प्रोग्राम दुसऱ्याच वाटेवर कान लावून बसलेला असतो.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. उच्चारावरून इंग्रजी अक्षरं टाइप करा, स्वल्पविराम दिसेल तिथे स्पेस द्या. बरीचशी कामं माउसनेच होतात.

लक्षणं

- रेकॉर्डचं बटण दाबलं, घड्याळ पुढे सरकतंय, पण लाटेच्या जागी सरळ रेघ.
- लाट उमटते, पण ऐकल्यावर तुमचा गळा नाही. कॉम्प्युटरवर वाजणारा तानपुरा किंवा व्हिडिओ तेवढा आला आहे.
- आवाज फक्त डाव्या कानात.
- ब्लूटूथ हेडफोन लावून रेकॉर्ड सुरू करताच सगळं जुन्या टेलिफोनवरून आल्यासारखं.
- गाणं ऐकताना पट्टी उतरलेली.
- कडकड, तुटक, मधले शब्द गायब.
- ‘एरर ओपनिंग साउंड डिव्हाइस’ असा संदेश.
- साउंड सेटिंगमध्ये ‘डमी आउटपुट’ एवढं एकच नाव.

यातलं तुमचं लक्षण कोणतं ते कागदावर लिहून ठेवा. शेवटची दोन पूर्णपणे वेगळ्या कारणांची असतात आणि माणसं ती पहिल्या लक्षणात मिसळून तासन्तास घालवतात.

इंटरनेटवरचा जुना सल्ला वापरण्याआधी

माइकपासून फाइलपर्यंत तीन टप्पे असतात. सर्वांत खाली कर्नलमधलं, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातलं, अल्सा, जे साउंड कार्डाशी बोलतं. मध्ये आवाजाची ने-आण करणारा सर्व्हर. वर तुमचा प्रोग्राम: ऑडॅसिटी, आर्डर, ओबीएस, जे असेल ते. मधला सर्व्हर पूर्वी पल्सऑडिओ असायचा. २००७ साली फेडोरा ८ मध्ये तो आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. आता ती जागा पाइपवायरने घेतली आहे: फेडोरात ३४ पासून, म्हणजे २०२१ मध्ये, उबंटूत २२.१० पासून, मिंटमध्ये २०२४ च्या २२ पासून. त्याच्यासोबत वायरप्लंबर नावाचा आणखी एक भाग असतो. कोणती वायर कुठे जोडायची हे तो ठरवतो.

हे सांगायचं कारण असं की शोधल्यावर सापडणारे निम्मे सल्ले पल्सऑडिओच्या काळातले असतात. ‘पल्सऑडिओ पुन्हा इन्स्टॉल करा’ हा त्यातला सर्वांत घातक, कारण मग एकाच कार्डावर हक्क सांगणारे दोन सर्व्हर मशीनवर येऊन बसतात. तुमच्याकडे काय आहे ते आधी पाहा. टर्मिनल उघडा आणि ‘पीएसीटीएल इन्फो’ टाइप करा. ‘सर्व्हर नेम’च्या ओळीत ‘पल्सऑडिओ’ आणि त्यापुढे ‘ऑन पाइपवायर’ असं दिसलं, तर तुम्ही नव्या व्यवस्थेत आहात आणि पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे.

आधी हाताने करायच्या गोष्टी

पैसा लागत नाही, वेळ दोन मिनिटं. तरी जवळजवळ कुणीच यापासून सुरुवात करत नाही.

कीबोर्डवर माइकचं चित्र असलेली की पाहा. तिच्यातला दिवा लागलेला असेल तर बहुतेक लॅपटॉपांत माइक बंद असतो. हेडसेटच्या वायरवर छोटं बटण असतं, तेही पाहा. यूएसबी इंटरफेस (माइक जोडायची बाहेरची पेटी) असेल तर गेनची, म्हणजे माइकचा आवाज वाढवायची, खुंटी शून्यावर नाही ना? कंडेन्सर माइक असेल तर इंटरफेसवरचं ४८ व्होल्टचं बटण दाबलेलं हवं, नाहीतर तो जवळजवळ मुकाच राहतो. रिबन माइक असेल तर मात्र ते बटण दाबू नका. काही जुन्या रिबन माइकना त्याने इजा होते.

कॉलर माइकची पिन हातात घेऊन नीट बघा. पिनेवर दोन काळ्या रिंगा असतील तर ती तीन भागांची, तीन रिंगा असतील तर चार भागांची. आजच्या बहुतेक लॅपटॉपांत हेडफोन आणि माइक यांसाठी एकच भोक असतं आणि ते चार भागांची पिन मागतं. तीन भागांची पिन त्यात घातली तर लॅपटॉप तिला साधा हेडफोन समजतो आणि आतल्या माइकवरूनच रेकॉर्ड करत राहतो. आवाज येतो, पण लांबून, पंख्याच्या घरघरीसकट. माणसाला वाटतं नवा माइक खराब निघाला. हेडफोन आणि माइक वेगळे करणारी छोटी दुफाटी वायर लावली की प्रश्न मिटतो.

दहा सेकंदांची चाचणी

साउंड सेटिंग उघडा, इनपुटचा भाग पाहा आणि बोला. आवाजाची पातळी दाखवणारी पट्टी हलते का? हलली, तर माइक, कार्ड, अल्सा आणि सर्व्हर ठीक आहेत. बिघाड सर्व्हर आणि प्रोग्राम यांच्या मध्ये आहे. नाही हलली, तर आधी त्याच यादीत दुसरं इनपुट निवडून बघा, नाहीतर बिघाड खाली आहे. एवढ्या एका चाचणीने निम्मा शोध संपतो, म्हणूनच मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो.

मुख्य जागा: रेकॉर्डिंगचा टॅब

इथे मी जास्त थांबणार आहे, कारण माझ्याकडे येणाऱ्या तक्रारी सर्वाधिक इथेच सुटतात.

‘पल्सऑडिओ व्हॉल्यूम कंट्रोल’ नावाचा प्रोग्राम इन्स्टॉल करा. पॅकेजचं नाव ‘पाव्हूकंट्रोल’. नावात पल्सऑडिओ असलं तरी पाइपवायरवर तो उत्तम चालतो. आता तुमच्या प्रोग्राममध्ये रेकॉर्डिंग खरोखर सुरू करा आणि ते चालू असतानाच पाव्हूकंट्रोलचा ‘रेकॉर्डिंग’ टॅब उघडा. हा क्रम महत्त्वाचा आहे. प्रोग्राम रेकॉर्ड करत नसेल तर त्याचं नाव त्या टॅबमध्ये येतच नाही आणि लोक ‘इथे तर काहीच नाही’ म्हणून खिडकी बंद करतात.

नावासमोर एक यादी असते: हा प्रोग्राम कुठून आवाज घेतोय. तिथे ‘मॉनिटर ऑफ’ने सुरू होणारं नाव दिसलं की बिघाड सापडला. मॉनिटर म्हणजे स्पीकरला जाणाऱ्या आवाजाची प्रत. त्यावर रेकॉर्ड केलं तर कॉम्प्युटरवर जे वाजतंय ते फाइलमध्ये जातं. काहीच वाजत नसेल तर सरळ रेघ. वरच्या यादीतली पहिली दोन लक्षणं बऱ्याचदा याच एका गोष्टीची दोन रूपं असतात. यादीतून माइकचं नाव निवडा. रेकॉर्डिंग थांबवायचीही गरज नाही, लाट त्याच क्षणी उमटायला लागते.

यात एक खोच आहे. वायरप्लंबर ही निवड लक्षात ठेवतो, तीही प्रत्येक प्रोग्रामसाठी वेगळी. मला हे माझ्या आत्याच्या ओव्या गमावून कळलं. तिला जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत, पण नुसतं बसून म्हणायला सांगितलं तर दोन ओळींनंतर अडते. म्हणून माळ्यावरचं जातं काढलं, धुतलं, आणि तिने मूठभर ज्वारी घालून खुंटा धरला. हात फिरू लागला तशा ओव्या येत गेल्या, चाळीस मिनिटं, मध्ये एकदाही न थांबता. लॅपटॉप कोपऱ्यात होता, घड्याळ पुढे जात होतं, मी लाटेकडे पाहिलं नाही. आदल्या रात्री मी त्याच ऑडॅसिटीत कॉम्प्युटरवरचा तानपुरा रेकॉर्ड केला होता आणि त्यासाठी मॉनिटर निवडला होता. ती निवड तशीच राहिली होती. त्या दिवशीच्या काही ओव्या तिला नंतर पुन्हा आठवल्या नाहीत. तेव्हापासून मी दहा सेकंद रेकॉर्ड करून, ते ऐकून, मगच समोरच्याला ‘सुरू करा’ म्हणतो.

‘इनपुट डिव्हायसेस’च्या टॅबमध्येही एकदा जा. तिथे ‘पोर्ट’ची यादी असते: पुढचा माइक, मागचा माइक, लाइन इन. डेस्कटॉप मशीनला पुढे आणि मागे दोन्हीकडे भोकं असतात आणि निवड भलत्याच भोकाची असू शकते. खाली ‘शो’च्या यादीत ‘ऑल एक्सेप्ट मॉनिटर्स’ ठेवलं की मॉनिटरची नावं नजरेआड होतात आणि गोंधळ कमी होतो.

ज्यांना वायरी डोळ्यांनी बघायला आवडतं त्यांनी ‘क्यूपीडब्ल्यूग्राफ’ घ्यावा. त्यात माइक, प्रोग्राम, स्पीकर असे चौकोन दिसतात आणि मध्ये ओढलेल्या रेघा. रेघ चुकीची असेल तर तोडा, माउसने ओढून नवी जोडा. फक्त माइकची रेघ थेट स्पीकरला जोडू नका, लगेच किंकाळी उठते आणि हेडफोन कानाला असेल तर ती फार लागते.

प्रोग्रामची स्वतःची निवड

सर्व्हर ठीक, तरी प्रोग्राम ऐकत नाही असंही होतं. ऑडॅसिटीत रेकॉर्डिंग डिव्हाइसच्या यादीत खूप नावं येतात. त्यातली ‘एचडब्ल्यू’ आणि आकडे असलेली नावं म्हणजे थेट कार्ड, मधल्या सर्व्हरला वगळून. ते निवडलं आणि कार्ड आधीच दुसऱ्या कुणाच्या हातात असेल, तर ‘एरर ओपनिंग साउंड डिव्हाइस’ हा संदेश येतो. ‘पल्स’, ‘पाइपवायर’ किंवा ‘डिफॉल्ट’ निवडा आणि कोणता माइक ते पाव्हूकंट्रोलमध्ये ठरवा. प्रोग्राम उघडल्यावर माइक लावला असेल तर ‘रीस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस’ करा, नाहीतर त्याच्या यादीत नवा माइक येणारच नाही.

तरीही कार्ड कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटलं तर टर्मिनलमध्ये: फ्यूजर, डॅश-व्ही, मग स्लॅश-डेव्ह-स्लॅश-एसएनडी-स्लॅश-स्टार. ज्याने कार्ड पकडलंय त्याचं नाव समोर येतं.

उबंटूवर स्नॅप या पॅकेज पद्धतीतून घेतलेल्या प्रोग्रामला माइकची परवानगी वेगळी द्यावी लागू शकते. अ‍ॅप्सच्या सेटिंगमध्ये त्या प्रोग्रामखाली ऑडिओ रेकॉर्ड करण्याची परवानगी बंद असेल तर तो कुरकुर न करता शांतता रेकॉर्ड करत राहतो.

ब्लूटूथ आणि डावा कान

ब्लूटूथ हेडफोनचा चांगला आवाज आणि त्याचाच माइक या दोन गोष्टी नेहमीच्या प्रोफाइलमध्ये एकत्र मिळत नाहीत. गाणी ऐकताना एटूडीपी हे प्रोफाइल असतं. माइक मागितला की हेडसेटच्या प्रोफाइलवर जावं लागतं, आणि तिथे आवाज सेकंदाला ८००० किंवा १६००० नमुन्यांवर, म्हणजे आवाजाच्या तेवढ्याच मोजमापांवर, येतो. याला सेटिंग शोधत बसू नका. पाव्हूकंट्रोलच्या ‘कॉन्फिगरेशन’ टॅबमध्ये हेडफोन एटूडीपीवर ठेवा आणि माइक लॅपटॉपचा किंवा वायरचा वापरा. रेकॉर्डिंगसाठी मी ब्लूटूथ माइक कुणालाच सुचवत नाही.

डाव्या कानातच आवाज येणं हा बिघाड नाही. दोन इनपुटच्या इंटरफेसमध्ये पहिलं भोक डावा आणि दुसरं उजवा समजलं जातं. माइक एकच आहे, तर ट्रॅक मोनो करा. इंटरफेसची सगळी भोकं वेगवेगळी हवी असतील तर कॉन्फिगरेशनमध्ये ‘प्रो ऑडिओ’ निवडा.

पट्टी उतरली असेल तर

यावर गाणाऱ्यांचं लक्ष लगेच जातं, बोलणाऱ्यांचं जात नाही. कार्ड सेकंदाला ४८००० नमुने घेत असेल आणि फाइलवर ४४१०० चा शिक्का बसला, तर एका मिनिटाचं कडवं सव्वापाच सेकंदांनी लांबतं आणि सूर जवळजवळ दीड अर्धस्वराने उतरतो. काळी चारमध्ये गायलेलं गाणं काळी तीन आणि पांढरी पाच यांच्या मध्ये कुठेतरी जाऊन बसतं, म्हणजे पेटीच्या कोणत्याच पट्टीला लागत नाही. असा अधांतरी सूर ऐकू आला की गळ्यावर शंका घेण्याआधी हे आकडे तपासा.

पाइपवायर स्वतःहून ४८००० वर चालतो. प्रोजेक्टही ४८००० वरच सुरू करा. झालेली फाइल वाया गेलेली नाही: ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूमधलं ‘रेट’ ४८००० करा, गाणं मूळ पट्टीत येतं. ‘रीसॅम्पल’ करू नका. त्याने आकडा बदलतो, पण उतरलेला सूर तसाच राहतो.

कडकड आणि तुटक आवाज

रेकॉर्डिंग चालू असताना ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा. ‘ईआरआर’च्या रकान्यातला आकडा वाढत असेल तर मशीन वेळेत पोचत नाहीये. ‘क्वांट’ म्हणजे एका खेपेत किती नमुने हाताळायचे. ४८००० वर २५६ म्हणजे सव्वापाच मिलिसेकंदांची सवलत, १०२४ म्हणजे एकवीस. नुसतं रेकॉर्ड करायचं असेल तर मोठा आकडाच बरा. पीडब्ल्यू-मेटाडेटा, डॅश-एन, सेटिंग्ज, शून्य, क्लॉक-डॉट-फोर्स-क्वांटम, १०२४. शेवटी १०२४ ऐवजी शून्य दिलं की मूळ पदावर येतं आणि मशीन पुन्हा सुरू केल्यावरही हा बदल राहत नाही, म्हणून करून बघायला भीती नाही. सोबत पॉवरचं सेटिंग ‘परफॉर्मन्स’वर ठेवा आणि इंटरफेस हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा.

सर्व्हर पुन्हा सुरू करणं

सिस्टेमसीटीएल, डॅश-डॅश-यूजर, रीस्टार्ट, पाइपवायर, पाइपवायर-पल्स, वायरप्लंबर. पुढे सुडो (मशीनच्या मुख्य मालकाचे, म्हणजे रूटचे अधिकार देणारा शब्द) लावू नका. हे सर्व्हर तुमच्या लॉगिनच्या नावाने चालतात, रूटच्या नाही.

तरी जुनी चुकीची जोडणी परत येत असेल तर वायरप्लंबरची आठवण पुसावी लागते. होम फोल्डरमध्ये कंट्रोल आणि एच दाबा म्हणजे लपलेले फोल्डर दिसतील, मग डॉट-लोकल, त्यात स्टेट, त्यात वायरप्लंबर. फोल्डर उडवू नका, नाव बदला आणि वरची कमांड पुन्हा द्या. सगळ्या निवडी कोऱ्या होतील. हे मी इतक्या खाली ठेवलंय, कारण यात चालू असलेल्या चांगल्या जोडण्याही जातात.

पट्टी हललीच नव्हती त्यांच्यासाठी

‘एरेकॉर्ड डॅश-एल’ टाइप करा, एल लहान. कर्नलला दिसणारी रेकॉर्डिंगची सगळी कार्डं यात येतात. तुमचं नाव यादीत असेल तर ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ६ ने खरं कार्ड निवडा, एफ४ ने कॅप्चरच्या बाजूला जा. पट्टीखाली लाल अक्षरांत ‘कॅप्चर’ नसेल तर स्पेसबार दाबा. माइक बूस्ट एकदम वर नेऊ नका, आवाजाबरोबर खरखरही तितकीच वाढते.

यादीत कार्डच नसेल, किंवा ‘डमी आउटपुट’ दिसत असेल, तर नव्या इंटेल लॅपटॉपांवर बहुधा साउंड ओपन फर्मवेअर राहिलेलं असतं. डेबियन आणि उबंटूत त्याचं पॅकेज ‘फर्मवेअर-सॉफ-साइन्ड’. अपडेटनंतर अचानक असं झालं असेल तर मशीन सुरू होताना येणाऱ्या ग्रब नावाच्या मेनूच्या ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून आधीचं कर्नल निवडून बघा. त्यावर आवाज आला तर दोष नव्या कर्नलचा आहे, पुढचा अपडेट येईपर्यंत जुनंच वापरा.

शेवटची फुकट चाचणी: एखाद्या ताज्या लिनक्सचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून, मशीन त्याच्यावरूनच सुरू करून, त्यावर माइक तपासा. इन्स्टॉल काहीच करायचं नाही. तिथे चालला तर बिघाड तुमच्या सेटिंगमध्ये आहे.

इथे थांबा

लाइव्ह पेनड्राइव्हवरही माइक मुका, आणि तोच माइक दुसऱ्या लॅपटॉपवर चालतोय, तर लॅपटॉप दुरुस्तीवाल्याकडे न्या. पिन हलवल्यावर आवाज येतो-जातो, यूएसबीचं भोक डुगडुगतंय, मशीनवर चहा-पाणी सांडलंय, जळकट वास येतोय: यातलं काहीही असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका आणि स्वतः खोलूही नका. वास किंवा पाणी असेल तर आधी बंद करून चार्जर काढा. दुकानात जाताना ‘एरेकॉर्ड’च्या यादीचा फोटो आणि लाइव्ह पेनड्राइव्हवर काय झालं ते सांगा, म्हणजे तिथे सरळ फॉरमॅट मारून मशीन परत मिळणार नाही.

कार्यक्रम दोन तासांवर असेल तर दुरुस्ती करत बसू नका. फोन विमान मोडवर टाकून वक्त्याजवळ ठेवा आणि त्याच्यावर रेकॉर्ड करा. एकदाच होणारी गोष्ट असेल तर सगळं ठीक असतानाही मी दुसरा फोन चालू ठेवतो.

राहिली ती घुंऽऽ अशी सलग घुमणारी गुणगुण. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर दहा सेकंद रेकॉर्ड करा. गुणगुण गेली, तर ती आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेतून येते आहे, लिनक्सचा तिच्याशी संबंध नाही. तात्पुरतं बॅटरीवर भागवा. कधीकधी तीन पिनांच्या सॉकेटमधल्या वरच्या मोठ्या भोकाला मागे वायरच जोडलेली नसते, आणि मग इंटरफेसच्या धातूच्या अंगाला हात लावल्यावर बारीक झिणझिण्याही येतात. तशा आल्या तर त्या सॉकेटवर काहीच लावू नका आणि इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासून घ्या. प्लगची अर्थिंगची पिन काढून गुणगुण घालवायचा उपाय कुणी सुचवला तर तो अजिबात करू नका. माइक धातूचा असतो, हातात असतो आणि ओठांजवळ असतो.